पेढे न वाटता आलेली गाडी

आमच्या सोसायटीत नवी गाडी आली की ती एकट्या मालकाची राहत नाही. चौदा बिऱ्हाडं खाली उतरतात. बोनेटवर स्वस्तिक निघतं, चाकाखाली लिंबू जातं, नारळ फुटतो आणि मालक पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारोदार फिरतो. मग कुणीतरी म्हणतं, "चला, एक चक्कर मारू," आणि पाच सीटच्या गाडीत नऊ जण कोंबून बिटको चौकापर्यंत जाऊन येतात. बोरस्त्यांची स्कूटी आली तेव्हासुद्धा चक्कर झाली होती. मागे बसायला रांग होती.

म्हणून तळमजल्यावरच्या वाल्मीक गांगुर्डेंनी दिवाळीनंतर एक जुनी पांढरी व्हॅन आणून कंपाउंडच्या कोपऱ्यात लावली आणि पेढा सोडा, साखरेचा दाणासुद्धा कुणाच्या हातावर ठेवला नाही, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी पहिल्या मजल्यावर राहते, बरोबर त्यांच्या डोक्यावर. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो कोपरा दिसतो. मुद्दाम बघावं लागत नाही. भांडी घासताना मान जरा उजवीकडे वळली की झालं, आणि माझी मान जन्मापासून उजवीकडेच वळते, त्याला मी काय करू?

वाल्मीकभाऊ म्हणजे प्रेसमधून रिटायर झालेले फिटर. नाशिक रोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की पुढे सांगावं लागत नाही. नोटा छापतात ती. दिंडोरी तालुक्यातल्या खेड्यातून पोरसवदा असताना आले, छत्तीस वर्षं मशिनी दुरुस्त केल्या आणि रोज सुटताना गेटवर हात वर करून झडती दिली. ती सवय इतकी मुरलेली की एकदा एका लग्नाच्या हॉलबाहेर वॉचमननं सहज यांच्याकडे पाहिलं, तर भाऊ दोन्ही खिसे उलटे करून उभे! शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. बोलणं मोजकं. नोकरीत असताना कुणी विचारायचं, "भाऊ, आत काय चालतं हो?" तर उत्तर एकच: "मशिनी चालतात." अकरा वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहतेय, पण मला त्यांच्याकडून एक धड बातमी मिळालेली नाही. शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही?

तर ही व्हॅन. आधी कुठल्यातरी शाळेची होती, दारावरची अक्षरं खरवडलेली दिसायची. तिच्यावर ताडपत्री चढली आणि चार महिने आत ड्रिल, करवत आणि ठोकाठोक.

"काय चाललंय भाऊ?" मी खिडकीतून.

"दुरुस्ती."

"कसली?"

"गाडीची."

"गाडीला काय झालंय?"

"दुरुस्ती चालू आहे."

संपलं. मी कूकरची शिट्टी वाजेपर्यंत उभी राहिले, पुढचं वाक्य आलं नाही.

फेब्रुवारीत ताडपत्री निघाली. टपावर सोलरची प्लेट, एक छोटा पाईप वर आलेला, आणि सगळ्या काचांना जाड तपकिरी पडदे. नुसते ओढलेले नव्हते, खालून चिकटपट्टीनं बसवलेले. मी तुळशीला पाणी घालायच्या निमित्तानं (तुळस वर आहे, पण असो) खाली गेले आणि पुढच्या काचेतून डोकावले. डॅशबोर्डवर गणपती नव्हता.

तुम्ही म्हणाल, नसेल एखाद्याकडे. अहो, नसेल कसा? आमच्याकडे पाण्याच्या टँकरवर गणपती आहे, जेसीबीवर आहे. मी ताबडतोब दुसऱ्या मजल्यावरच्या रेहानाभाभींना गाठलं. मोठी बातमी मी एकटीनं पचवत नाही, तब्येतीला सोसत नाही.

भाभी कपडे वाळत घालत होत्या. क्लिप तोंडात धरूनच म्हणाल्या, "आमच्या आवेजच्या रिक्षात पण समोर दुवा लिहिलेली आहे बाई. यांनी काहीच नाही लावलं म्हणजे आत असं काहीतरी आहे जे वरच्याला दाखवायचं नाही."

"म्हणजे काय असेल?"

"दुसरी बायको."

"वाल्मीकभाऊंची? भाभी, त्यांना पहिलीशी बोलताना मी ऐकलं नाहीये."

"तेच तर. जो बोलत नाही, तो कुठे ना कुठे बोलत असेलच की."

मला ते पटलं नाही, पण मी ते लक्षात मात्र ठेवलं.

मग फेऱ्या सुरू झाल्या. एकाआड एक गुरुवारी, सकाळी सहाला, सोसायटी उठायच्या आत गाडी बाहेर, आणि शनिवारी दुपारी परत. अक्काबाई, म्हणजे वाल्मीकभाऊंच्या मिसेस, बरोबर असायच्या. दार उघडायचं, त्या डोक्यावरून पदर घेऊन चटकन आत, दार बंद. अक्काबाई, ज्या सात वर्षांत कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या पुढे गेलेल्या मी पाहिल्या नव्हत्या! लग्न नाही, बारसं नाही, त्र्यंबकला दर्शनाला सगळ्या बायका निघाल्या तरी "माझे गुडघे दुखतात" म्हणून घरात. आता बरे गुडघे चालले, दर पंधरा दिवसांनी?

आणि गेटवरच्या स्पीडब्रेकरवरून गाडी गेली की आतून आवाज यायचा. टण, टण, टण.

आमच्या ह्यांच्या ऑफिसातल्या एकानं ती गाडी वणीच्या पुढे सुरगाण्याच्या रस्त्याला पाहिली. झालं. मला सगळं लख्ख दिसलं. सुरगाण्याच्या पलीकडे गुजरात. गुजरातेत दारूबंदी. पलीकडे कोरडे घसे, अलीकडे पडदे लावलेली गाडी, आत टणटण, आणि समोर देव नाही कारण देवासमोर असला धंदा कोण करेल! सोबत बायको घेतली की पोलीस अडवत नाहीत. प्रेसमध्ये छत्तीस वर्षं सरळ वागलेला माणूस रिटायर झाल्यावर किती वाकडा जाऊ शकतो, याचं मला त्या दिवशी खरोखर कौतुक वाटलं.

मी फक्त रेहानाभाभींना सांगितलं. भाभींनी फक्त एकीला. संध्याकाळी आमचे चेअरमन सोमनाथ बोरस्ते वहीसकट माझ्या दारात.

"स्नेहलताई, तुम्ही स्वतः बाटल्या पाहिल्या?"

"पाहिल्या नाहीत. ऐकल्या."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मला तेव्हाच जरा कसंतरी झालं होतं, खोटं नाही सांगत. पण माझ्या तोंडचं वाक्य कुणीतरी लिहून घेतंय याचा आनंद मोठा होता.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. रविवारी दहा वाजता मीटिंग. श्री. गांगुर्डे यांनी वाहन आतून सभासदांना दाखवावे, अन्यथा सात दिवसांत कंपाउंडबाहेर काढावे. वाल्मीकभाऊंनी चष्मा न लावता ती दोनदा वाचली. मी जिन्यात होते. योगायोगानं.

"दाखवून टाका की भाऊ," मी म्हटलं. "तुम्ही तर छत्तीस वर्षं रोज झडती दिलीत."

"ती माझी होती, ताई."

"मग ही कुणाची?"

भाऊ नोटिशीकडे बघत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "बाहेर रस्त्याला लावली तर आठवड्यात बॅटरी जाईल, चाकं जातील. दुसरी जागा नाही. म्हणजे विकावीच लागेल." टेस्टर खिशातून काढला, बघितला, परत ठेवला. "विकली तर मग संपलंच." आणि आत गेले.

काय संपलं? कुणाचं संपलं? माझ्या डोक्यात भाभींची दुसरी बायको पुन्हा येऊन बसली. रात्री जेवताना मी ह्यांना म्हटलं, "झडती त्यांची नाही, म्हणजे आत दुसरं कुणीतरी असतं." हे म्हणाले, "भाजी वाढ."

मीटिंगच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी दोनला गाडी परत आली. त्या वेळेला आमची सोसायटी मेल्यासारखी झोपते. मीही झोपते, पण एक कान जागा ठेवून. खिडकीत आले. अक्काबाई उतरून घरात गेल्या. मग भाऊंनी मागचं दार उघडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आतून एक निळा डबा काढला. चौकोनी, घट्ट झाकणाचा, वर पंचा टाकलेला. दोन्ही हातांत असा जपून धरला की जसं काही साजूक तूप आहे.

मी कचऱ्याची पिशवी उचलली आणि खाली धावले. घंटागाडी सकाळी आठला येऊन जाते, पण तेवढा विचार करायला वेळ नव्हता.

"काय भाऊ, आणलंत वाटतं?"

ते जागच्या जागी थिजले. "काय?"

"माल."

"ताई, बाजूला व्हा."

"जड दिसतोय. मी धरू एका बाजूनं?"

"नको!"

अकरा वर्षांत पहिल्यांदा तो आवाज एवढा मोठा ऐकला. माझा संशय तिथल्या तिथे पक्का झाला. मी पंचा बाजूला सारला. "मोहाची का? घरी काढलेली? सांगा ना, मी कुणाला बोलणार नाही."

"ताई, तुम्हाला हात जोडतो," ते म्हणाले, पण हात डब्याला गुंतलेले, जोडणार कसे? "जाऊ द्या मला."

"एक वास घेऊ द्या. फक्त एक. मग उद्या मीटिंगमध्ये मी तुमच्या बाजूनं."

आणि मी झाकण फिरवलं, बोटभर उघडलं आणि नाक खाली नेलं. माझ्या नाकाला आमच्या अख्ख्या जेलरोडवर मान आहे. कुणाच्या घरात कुठली डाळ करपली हे मी जिन्यात ओळखते. पुढे काय झालं ते सविस्तर सांगत नाही. एवढंच सांगते की ती दारू नव्हती, आणि त्या दिवशी मी संध्याकाळचं जेवले नाही.

भिंतीला टेकून श्वास घेत होते तेव्हा दारात अक्काबाई दिसल्या. मी डब्याला नाक लावलेलं त्यांनी पाहिलं होतं.

"ये आत," त्या म्हणाल्या. "आता काय राह्यलं झाकायचं."

भाऊ डबा घेऊन त्यांच्या संडासात गेले. पाणी ओतल्याचा आवाज आला. अक्काबाईंनी मला तोंड धुवायला साबण दिला, लिंबूपाणी दिलं, समोर बसल्या आणि माझ्याकडे न बघता, फरशीकडे बघत बोलल्या.

"पिशवीचं ऑपरेशन झालं ना, त्यापासून लघवी थांबत नाय मला. अर्ध्या तासाला जावं लागतं. खोकला आला, हसू आलं, तरी. सात वर्षांमागं माहेरी निघाले व्हते. सुरगाण्याच्या जीपमधी. मागं आम्ही बारा जणी-जण. ड्रायव्हरला दोनदा म्हणलं थांब, तो म्हणाला पुढं थांबतो." त्यांनी माझा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. "उतरले तव्हा समद्यांनी पाह्यलं. एक पोरगी हसली. तितनंच माघारी आले, दुसऱ्या जीपनं, उभ्यानं. त्यापासून कुठंच नाय."

"आणि माहेरी आई?"

"भागीबाई. पंच्याऐंशीची हाय. तिला जीप सोसत नाय, मला बी नाय. सात वर्षं फोनवर नुसतं 'कव्हा येशील'."

वाल्मीकभाऊ धुतलेला डबा फडक्यानं पुसत दारात उभे होते. ते म्हणाले, "रिटायर झालो तेव्हा म्हटलं, मशिनी दुसऱ्यांच्या खूप दुरुस्त केल्या." एवढंच.

मग अक्काबाईंनी किल्ली घेतली आणि मला गाडी दाखवली. मी आजवर पुष्कळ घरं आतून पाहिलीत, बोलावलेली आणि न बोलावलेली, पण असं घर पाहिलं नव्हतं. बाक उलटला की पलंग. पलंगाखाली पाण्याची टाकी. एका बाजूला दोन हातांची ओट्याची फळी, तिच्यात बसवलेली एक शेगडी, हातभर बेसिन. मसाल्याच्या बरण्यांची झाकणं फळीला खालून स्क्रूनं बसवलेली, बरणी फिरवली की हातात येते, गाडी कितीही हलू दे. स्टीलचे चार पेले खिळ्यांना टांगलेले. हीच माझी टणटण. आणि मागे, सरकत्या दाराआड, दोन फुटांच्या जागेत अक्काबाईंचं संडास. स्वच्छ, पांढरं, खाली त्या निळ्या डब्याची रिकामी जागा, बाजूला धरायला दांडी, वर छोटा पंखा, पायाखाली लाल रबरी मॅट. दांडी अगदी त्यांच्या हाताच्या उंचीला बसवलेली.

"वणी सोडली की घाटात एक वळण हाय," अक्काबाई सांगत होत्या, आणि बोलता बोलता त्यांचा चेहराच बदलला. "तिथं हे गाडी लावतात. मागलं दार उघडायचं, पाय खाली सोडून बसायचं. मी चहा टाकते. दोन-दोन कप पिते, स्नेहल! भर रस्त्यात! समोर डोंगर, बाजूला हे. पहिल्यांदा प्याले तव्हा रडले मी. हे म्हणले, साखर कमी झाली का?"

"आणि पूजा का नाही केली हो? गणपती तरी लावायचा."

"ज्या गाडीत हे हाय, तिच्यात देव कसा बसवू? मनाला पटंना. आणि पूजा केली असती तर तुम्ही समद्यांनी चक्कर मागितली नसती?"

मागितलीच असती. सगळ्यात पुढे मी असते.

"उद्या दाखवायची म्हणजे समद्या बाप्यांसमोर सांगायचं," त्या म्हणाल्या. "मी नाय सांगणार. ह्यांना म्हणलं, विका."

भाऊंनी एक बरणी फिरवून घट्ट केली, जी आधीच घट्ट होती.

त्या रात्री मी ठरवलं, घाण मी केलीय, मीच निस्तरणार. बोलणं ही माझी विद्या आहे. एक मीटिंग फिरवणं काय अवघड?

रविवारी दहाला पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या लागल्या. बोरस्त्यांनी वही उघडली. मी उठून म्हटलं, "मी गाडी आतून पाहिली. काही नाही. पलंग आहे, शेगडी आहे. फिरायला जातात बिचारे. विषय संपवा."

"परवा तुम्ही बाटल्या म्हणालात," बोरस्ते.

"पेले होते. स्टीलचे."

"परवा बाटल्या, आज पेले. आणि आम्हाला का दाखवत नाहीत? तुम्हालाच का दाखवली?"

"मी शेजारीण आहे."

"सगळेच शेजारी आहेत."

मागून कुणीतरी म्हणालं, "ताईंना हिस्सा मिळाला वाटतं!" सगळे हसले. अगदी रेहानाभाभीसुद्धा माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होत्या. माझा नवरा, सत्तावीस वर्षांचा संसार, हळूच म्हणाला, "काल जेवली का नाहीस गं तू?" खरं सांगता येईना, आणि खोटं माझ्या तोंडून कुणी घेईना. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

"तर मग ठराव," बोरस्ते म्हणाले, "सात दिवसांत वाहन..."

"थांबा."

अक्काबाई किल्ली घेऊन बाहेर आल्या होत्या. वाल्मीकभाऊ खुर्चीवरून उठले, "अगं, नको," म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. गाडीचं मागचं दार पूर्ण उघडलं, आतलं सरकतं दारही सरकवलं, आणि आमच्याकडे वळल्या.

"हे माझं संडास हाय. मला लघवी थांबत नाय. आईला सात वर्षं भेटले नव्हते, ह्यांनी हे बनवलं म्हणून भेटते. बाटल्या नाय, बाई नाय. बघा ज्याला बघायचं त्यानं."

सगळे पुरुष एकदम मोबाईल बघायला लागले. वहीचं पान वाऱ्यानं उलटलं, ते कुणी सरळ केलं नाही. मला जमिनीनं गिळावं असं वाटलं, आणि गिळलं नाही तर निदान माझी जीभ तरी घ्यावी.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून बोरस्त्यांच्या आई, साळूबाई, काठी टेकत उठल्या. वय अठ्ठ्याहत्तर. गाडीपाशी गेल्या, वाकून आत पाहिलं.

"पाणी येतं का गं?"

"येतं."

"कडी लागते?"

"लागते."

"धर काठी."

आणि साळूबाई पायरी चढून आत गेल्या. दार सरकलं. कडी लागली. अख्ख्या सोसायटीची मीटिंग, कोरम आणि चेअरमनसकट, एक म्हातारी बाहेर यायची वाट बघत थांबली. कुणी कुणाकडे बघेना. रेहानाभाभींना हसू आवरेना, त्यांनी ओढणी तोंडात घातली.

पंपाचा आवाज झाला. साळूबाई बाहेर आल्या, काठी घेतली आणि लेकाला म्हणाल्या, "सोमा, तुझ्या हर्षालीच्या साखरपुड्याला मी का नाय आले? अंगात कणकण हाय म्हणले व्हते, आठवतं? कणकण नव्हती. तीन तासांचा रस्ता व्हता."

बोरस्ते वहीकडे बघत राहिले. "आई, ते आपण घरी..."

"घरी काय? हितं लिही. गाडी हितंच राहील. लिहिलं का?"

त्यांनी लिहिलं. मी मान लांब करून पाहिलं, खरंच लिहिलं होतं.

हे मी अक्काबाईंना विचारून सांगतेय. त्या म्हणाल्या, "समद्यांसमोर बोलले, आता काय लपवायचं? पण डब्याचं बी सांग. तुझं तेवढं गाळू नको." म्हणून सांगितलं. पुढचा महिनाभर त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, तेही सांगते. गाडी निघायची, मी खिडकीत उभी असायचे, त्या वर बघायच्या नाहीत. हक्कच होता त्यांचा.

मग परवाच्या शनिवारी दार वाजलं. अक्काबाई, हातात नागलीच्या पापडांची पिशवी.

"आईनं दिलेत. तुझ्यासाठी मुद्दाम."

"माझ्यासाठी? त्या मला कुठे ओळखतात?"

"आता ओळखते. तू डब्याला नाक लावलं ते ऐकून दोन दिस हसत व्हती. शेजारपाजारच्या बायका येऊन परत-परत सांगायला लावतात. निळा डबा, पंचा, मोहाची का म्हणून विचारणं, समदं. तुझा आवाज काढून."

म्हणजे सुरगाण्याकडच्या एका अख्ख्या पाड्यावर माझं नाव झालंय. पण मला एक कळत नाही. मोहाची का असं मी विचारलं तेव्हा अक्काबाई घरात होत्या. तिथे फक्त मी आणि वाल्मीकभाऊ. आणि अक्काबाईंना नकला येत नाहीत, आम्हाला माहीत आहे.

मी खिडकीतून खाली पाहिलं. वाल्मीकभाऊ गाडीचं चाक तपासत होते.

"काय भाऊ, तिकडे काय चालतं?"

"दुरुस्ती," ते म्हणाले. मान वर केली नाही, पण त्यांचे खांदे हलत होते.